फोटो पिशवीवर, कर पाकिटात

आमच्या सोसायटीच्या फाटकावर रात्रपाळीला असणारे काका परभणीकडचे आहेत. पन्नाशी ओलांडलेले, बोलायला कमी. मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री त्यांनी गाडी थांबवली आणि मोबाइल पुढे केला. पगाराची पावती होती.

"साहेब, जरा बघा बरं हे. फेब्रुवारीत दिस कमी अन् कापतेत जास्त. असं कसं?"

दर महिन्याला 200 रुपये कापले जात होते, या महिन्यात 300. एजन्सीच्या सुपरवायझरला विचारलं तर "सरकारी असतंय ते" एवढंच उत्तर मिळालं होतं. ते खोटं नव्हतं. हा व्यवसाय कर, नोकरी-धंदा करणाऱ्यांकडून राज्य सरकार घेतं तो. राज्यघटनेच्या 276व्या कलमानुसार एका माणसाकडून वर्षाला जास्तीत जास्त 2,500 रुपये व्यवसाय कर घेता येतो. महिन्याला 200 प्रमाणे बारा महिन्यांचे होतात 2,400. मग उरलेल्या शंभराचं काय? ते फेब्रुवारीत. घटनेने आखलेल्या रेषेपर्यंत अगदी शेवटच्या नोटेसह जायचं, असं आपल्या राज्याने ठरवलं आहे. काकांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे समद्यांचेच कापतेत का?" मी म्हटलं, हो, सगळ्यांचेच.

घरी गेल्यावर हे उत्तर मलाच खटकत राहिलं, कारण 'सगळ्यांचेच' या शब्दात सगळी गोम आहे. काकांचा पगार 13,000, म्हणजे वर्षाचे 1,56,000. त्यातून 2,500 गेले, म्हणजे शंभर रुपयांमागे एक रुपया साठ पैसे. आता वर्षाला 2 कोटी घेणारा कंपनीचा संचालक धरा. त्याचेही 2,500च. शंभर रुपयांमागे सव्वा पैसा. महाराष्ट्रात पुरुषाचा पगार 10,000च्या वर गेला की व्यवसाय कराची शिडी तिथंच संपते. त्याच्या वर पायरीच नाही. दहा हजार एक रुपयावाला आणि दहा लाखवाला एकाच पायरीवर उभे.

2025च्या अर्थसंकल्पात 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला आयकर लागणार नाही असं जाहीर झालं. मध्यमवर्गाने टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पण केंद्र सरकारच्या लेखी महिना लाख रुपये मिळवणाऱ्याला दिलासा हवा असेल, तर राज्य सरकारच्या लेखी महिना 10,000च्या वर मिळवणारा पूर्ण दराने कर भरण्याच्या ऐपतीचा कसा होतो? राज्यालाही हे कळत नाही असं नाही. एप्रिल 2023 पासून 25,000 पर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर माफ आहे. उत्तम निर्णय. म्हणजे 25,000 हा पगार कर लावण्याजोगा नाही, हे सरकारने स्वतःच मान्य केलं आहे. फक्त तो पगार बाईच्या हातात पडला पाहिजे.

या कराला एक जुनी आणि खरं तर देखणी गोष्ट आहे, म्हणून त्याचा राग करताना जपून करावा लागतो. 1972च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमी सुरू केली. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची ती कल्पना. 'मागेल त्याला काम' हे नंतर कायद्याने हक्काचं झालं आणि जानेवारी 1979 पासून तो कायदा अमलात आला. पैसा आणायचा कुठून, यासाठी 1975 साली व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या पगारदाराने आपल्या पगारातले थोडे पैसे द्यायचे आणि त्यातून गावाकडच्या शेतमजुराला दुष्काळात काम मिळायचं, असा तो सौदा होता. देशात असं दुसरं उदाहरण तेव्हा नव्हतं. काकांच्या वडिलांनी बहात्तरला खडी फोडली, मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) खाल्ला, कामावर मिळणारी सुकडी पोरांसाठी फडक्यात बांधून आणली. त्याच खडी फोडणाऱ्याचा मुलगा आज शहरात रात्रभर जागतो आणि 'शहरातला पगारदार' म्हणून रोजगार हमीचा कर भरतो. सौदा तोच राहिला. माणसं मात्र एका बाजूने दुसऱ्या बाजूला आली, आणि हे कायद्याला कुणी कळवलंच नाही.

हे एवढं लांबून सांगण्याचं कारण असं की आपल्याकडे 'करदाता' हा शब्द फार चुकीच्या माणसांनी ताब्यात घेतला आहे. "आमच्या करातून यांना फुकट" हे वाक्य लग्नाच्या पंगतीत, लोकलच्या डब्यात, शिकलेल्या माणसांच्या गप्पांत सर्रास ऐकू येतं. बोलणाऱ्याच्या मनात करदाता म्हणजे आयकराचं विवरणपत्र भरणारा. बाकीचे नुसते खाणारे. रेशन घेणारे, बहीण योजनेवाले, कर्जमाफीवाले.

जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन दिलं, त्याचा गाभा नेमका याच्या उलट होता. सरकारी तिजोरीतला बहुतेक पैसा रयतेच्या घामातून येतो, वरचे वर्ग त्यात फारसं काही घालत नाहीत, आणि तोच पैसा वरच्यांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, असं त्यांनी सरळ लिहून दिलं. कोण कुणाच्या पैशावर शिकतो आहे, हा प्रश्न त्यांनी तेव्हा विचारला. दीडशे वर्षं होत आली. प्रश्नातला शेतसारा जाऊन तिथं जीएसटी आला, एवढाच फरक.

पाच रुपयांचा ग्लुकोज बिस्किटांचा पुडा घ्या. कितीतरी मजुरांची सकाळ चहात बुडवलेल्या त्या पुड्यावर निघते. 1 जुलै 2017ला जीएसटी लागू झाला त्याआधी किलोला 100 रुपयांच्या आतल्या बिस्किटांना केंद्राचं उत्पादन शुल्क माफ होतं. ही बिस्किटं कोण खातं हे जुन्या व्यवस्थेला निदान ठाऊक होतं. जीएसटीत सरसकट 18 टक्के लागले. म्हणजे पाच रुपयांच्या पुड्यात साधारण 76 पैसे कर. त्याच दिवशी सोन्यावर किती लागला? 3 टक्के. अंगाच्या साबणावर 18, दंतमंजनाच्या ट्यूबवर 18, केसांच्या तेलावर 18, आणि पाटल्यांवर 3.

अर्थखात्यातला कुणी जाणकार भेटला तर याचं उत्तर त्याच्याकडे तयार असतं, आणि ते खुळचट नसतं. सोन्यावर कर वाढवला की सोनं चोरट्या मार्गाने येऊ लागतं, व्यवहार बिनपावतीचे होतात, हाती काहीच लागत नाही. 20 सप्टेंबर 2019ला कंपन्यांवरचा कर 30 टक्क्यांवरून 22वर आणला तेव्हाही तर्क हाच होता. कर जास्त ठेवला तर गुंतवणूक दुसऱ्या देशात जाईल. त्या एका निर्णयाने वर्षाला 1 लाख 45 हजार कोटींचा महसूल सोडावा लागेल, असं सरकारनेच तेव्हा सांगितलं. संपत्ती कर 2015च्या अर्थसंकल्पात गेला, वारसांच्या मालमत्तेवरचा कर तर 1985लाच गेला होता. गोळा करायला खर्च फार आणि हाती येतं थोडं, असं कारण दोन्ही वेळा होतं. एकेकटं पाहिलं तर प्रत्येक कारण पटतं. सगळी शेजारी शेजारी मांडली की मात्र एक चित्र दिसतं. सोनं लपू शकतं. भांडवल पळू शकतं. मालमत्तेला वकील मिळतो. बिस्किटाच्या पुड्याला यातलं काहीच जमत नाही. कर ऐपतीप्रमाणे घ्यावा असं शाळेत नागरिकशास्त्रात शिकवतात. प्रत्यक्षात तो पळता न येणाऱ्याकडून घेतला जातो.

2022-23च्या सरकारी उपभोग खर्च पाहणीत ग्रामीण भागातल्या सर्वांत तळच्या 5 टक्के लोकांचा दरडोई मासिक खर्च 1,373 रुपये निघाला, आणि शहरांतल्या सर्वांत वरच्या 5 टक्क्यांचा 20,824. पहिल्याचा साबण आणि दुसऱ्याचा साबण यांच्यात तेव्हा कराच्या दराचा काही फरक नव्हता.

हे सगळं लोकांना कळत नाही का? कळतं, पण बोट कुठं ठेवायचं ते कळत नाही. आणि तसं कळू नये अशीच रचना आहे. ती कशी आहे हे सांगायला 2022च्या जून महिन्यासारखा दुसरा महिना नाही.

त्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात महाराष्ट्र काय पाहत होता, हे कुणाला आठवून द्यायला नको. आमदार आधी सुरतेला, मग गुवाहाटीला. सांगोल्याच्या आमदारांचं 'काय झाडी, काय डोंगर, काय हाटील' घराघरांत पोचलं होतं. रिंगटोन झाले, टी-शर्ट निघाले. 29 जूनच्या रात्री उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला, 30ला एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले. आणि नेमक्या 28 व 29 जूनला चंडीगडमध्ये जीएसटी परिषदेची 47वी बैठक भरली होती. पाकीटबंद आणि लेबल लावलेलं पीठ, तांदूळ, डाळ, रवा, दही, ताक, पनीर यांवर 5 टक्के कर लावायचं तिथं ठरलं. त्याआधी कर होता तो नोंदणीकृत ब्रँडच्या मालावर. आता पाकिटात भरून लेबल लावलेलं सगळंच आत आलं. पैलू पाडलेल्या हिऱ्यांवरचा करही त्याच बैठकीत पाव टक्क्यावरून दीड टक्क्यावर नेला. पिठाला पाच, हिऱ्याला दीड.

आपण टीव्हीवर झाडी पाहत होतो. त्या बैठकीत महाराष्ट्राने काय भूमिका घेतली, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारलं? मी विचारलं नाही. मीही 'हाटील'वर हसत होतो.

18 जुलैला हा कर लागू झाला. त्या दिवशी महाराष्ट्राला अर्थमंत्री नव्हता. मंत्रिमंडळ दोन माणसांचं होतं आणि 9 ऑगस्टपर्यंत तसंच राहिलं. व्यापाऱ्यांनी बंद पाळला, निवेदनं दिली. ज्या पक्षांची राज्य सरकारं परिषदेत बसली होती त्यांचेच खासदार संसदेच्या आवारात महागाईचे फलक घेऊन उभे राहिले. त्यावर अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी 19 जुलैला सांगितलं की हा निर्णय परिषदेत सर्वसहमतीने झाला, बिगरभाजप राज्यंही त्यात होती. ते खरंच होतं. आणि नेमकी तीच तक्रार आहे. परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. कागदावर फार सुरेख लोकशाही. पण सगळं सहमतीने होतं आणि मतदान जवळपास होतच नाही. डिसेंबर 2019 मध्ये परिषदेत पहिल्यांदा मतदान झालं, तेही लॉटरीवरच्या कराबाबत. पिठाबाबत कुणाला मत टाकून दाखवावंसं वाटलं नाही.

सगळ्यांनी मिळून केलेल्या गोष्टीचा धनी कुणीच नसतो. केंद्राला विचारा, ते राज्यांकडे बोट दाखवतं. राज्याला विचारा, ते परिषदेकडे. परिषदेला विचारायला ती कुठल्या निवडणुकीत उभी राहते? म्हणून लोक शेवटी "सगळे सारखेच" म्हणतात आणि पुढे जातात. त्यांना आळशी म्हणण्यात अर्थ नाही. पत्ताच नसलेलं पत्र टाकायचं कुठल्या पेटीत?

या कराची एक बारीक कळ अशी की 25 किलोच्या वरच्या पाकिटाला तो लागत नाही. सुट्या धान्यालाही लागत नाही, आणि सरकारने 14 वस्तूंची यादी देऊन ते स्पष्ट केलं. म्हणजे कर टाळायचा असेल तर दोन वाटा. तीस किलोची गोणी एकदम उचला, नाहीतर सुटं घेऊन निवडा, दळा. काका तिघांबरोबर एका खोलीत राहतात. गोणी ठेवायला जागा नाही आणि घ्यायला एकरकमी पैसेही नाहीत. त्यांची ड्युटी रात्री आठ ते सकाळी आठ, आणि गिरणी उघडी असते तेव्हा ते झोपलेले असतात. म्हणून ते एक किलोचं पाकीट आणतात. पाकीट घेणारा म्हणजे खाऊनपिऊन सुखी, हे ज्याने गृहीत धरलं त्याने अलीकडे शहरातली मजुरांची खोली पाहिलेली नसावी.

आता त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात या. दिवाळीसाठी राज्य सरकारने 'आनंदाचा शिधा' आणला. रवा, चणाडाळ, साखर प्रत्येकी एक किलो आणि एक लिटर पामतेल, सगळं मिळून 100 रुपयांत. योजना वाईट नव्हती, अनेक घरांत त्यावर फराळ झाला. पण ज्या पिशवीतून तो आला तिच्यावर नेत्यांचे फोटो होते. जुलैत रव्याच्या पाकिटावर कर बसला तेव्हा पाकिटावर कुणाचाही फोटो छापला नव्हता. तिथं फक्त 'सर्व करांसहित' असे दोन शब्द, तेही एक्सपायरी डेटच्या शेजारी, भिंग घेऊन वाचावे लागतील असे.

माझं म्हणणं खरं तर एवढंच आहे. आपल्या राजकारणात देणाऱ्या हाताला चेहरा आहे, नाव आहे, पोस्टर आहे. घेणाऱ्या हाताला काहीच नाही.

सप्टेंबर 2025 मध्ये याचा पुढचा अंक झाला. 22 तारखेपासून साबण, ट्यूब, केसांचं तेल, बिस्किटं 5 टक्क्यांवर आली, पाकीटबंद पनीर आणि पोळी-पराठ्यावरचा कर शून्य झाला, वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विमा करमुक्त झाले. हे चांगलं झालं, त्याला नाक मुरडण्यात अर्थ नाही. पण त्याचं नाव काय ठेवलं? बचत उत्सव. आठ वर्षं पाच रुपयांच्या पुड्यावर 18 टक्के घेतले तेव्हा त्याचं नाव वसुली उत्सव ठेवलं नव्हतं. घेतलेलं थोडं कमी केलं की तो उत्सव, आणि घेतलं होतं तो मात्र निसर्गक्रम. पाकीटबंद पिठावरचे 5 टक्के तर त्या उत्सवातही तसेच राहिले.

पेट्रोलची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती सगळ्यांना अर्धीमुर्धी ठाऊक असते. 2015ला दुष्काळाच्या नावाने महाराष्ट्रात पेट्रोल-डिझेलवर लिटरला 2 रुपये वाढवले. दुष्काळासाठी म्हटल्यावर कोण विरोध करणार? पुढे पाऊस पडला. अधिभार मात्र गेला नाही, वाढत गेला. एप्रिल 2017 मध्ये महामार्गालगतची दारूची दुकानं न्यायालयाच्या आदेशाने बंद झाली, महसूल बुडाला, तेव्हा पेट्रोलवरचा अधिभार 6 वरून 9 रुपयांवर नेण्यात आला. म्हणजे दारू न विकल्याचा दंड दूधवाल्याच्या मोटारसायकलने भरला.

इथं कुणीतरी विचारेल, आणि विचारायलाच हवं, की गरिबाला परत मिळतं त्याचं काय? 80 कोटी लोकांना महिन्याला माणशी 5 किलो धान्य मोफत आहे. 2024 पासून लाडक्या बहिणीचे 1,500 रुपये आहेत. काकांच्या घरीच हिशेब करू. त्यांच्या पत्नीला बहीण योजनेचे वर्षाला 18,000 मिळतात, गावाकडे रेशन मिळतं. व्यवसाय कर, साबण, तेल, बिस्किटं, एसटीच्या भाड्यातलं डिझेल, मोबाइलच्या रिचार्जवरचे 18 टक्के, सगळं धरलं तरी बहुधा ते कुटुंब वरच राहील. मला हे मान्य आहे, आणि जो हे नाकारून नुसता गरिबांची लूट म्हणून ओरडतो त्याच्याशी माझं जमणार नाही.

मग तक्रार कशाची? दोन्ही व्यवहारांच्या रीतीची. पैसे देताना सरकार अर्ज मागतं, उत्पन्नाचा दाखला मागतं, आधार जोडायला लावतं, ई-केवायसीसाठी रांगेत उभं करतं, मग छाननी करतं, आणि निवडणूक झाली की पात्र-अपात्रतेची चाळणी पुन्हा लावतं. घेताना यातलं काहीच नाही. बिस्किटाचा पुडा घेताना दुकानदार कधी म्हणाला का, "मावशी, तुमचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे ना, दाखला दाखवा, 76 पैसे सोडतो"? दिलेलं हे उपकार असतं आणि उपकार काढून घेता येतात. घेतलेलं नियमात असतं, त्याला कुणाची मेहेरबानी लागत नाही. ज्या बाईला वर्षभर "सरकार तुला देतंय" असंच ऐकवलं जातं तिला आपण सरकारला देतो हे कधी कळणार? आणि ते कळलं नाही तर ती सरपंचासमोर, आमदारासमोर मालक म्हणून कशी उभी राहणार? ती हात जोडूनच उभी राहते. पुढाऱ्यांना तेच सोयीचं आहे, सगळ्या पक्षांच्या.

गोपाळ कृष्ण गोखले 1902च्या मार्चमध्ये कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर पहिल्यांदा बोलायला उभे राहिले. दोन भीषण दुष्काळ नुकतेच होऊन गेले होते आणि सरकार मात्र शिलकी अर्थसंकल्प मांडून स्वतःवर खूश होतं. गोखल्यांनी सरकारचेच आकडे घेऊन दाखवून दिलं की ही शिल्लक भरभराटीची खूण नाही, लोक पिचलेले असताना गरजेपेक्षा जास्त कर घेतल्याची आहे. मिठावर तेव्हा मणाला अडीच रुपये कर होता, 1888 पासून. राजा आणि मजूर मीठ सारखंच खातात, उलट घाम गाळणाऱ्याला ते जास्तच लागतं. 1903ला तो कर 2 रुपये झाला, 1905ला दीड, 1907ला 1. एकट्या गोखल्यांमुळे झालं असं कुणी म्हणणार नाही, पण मिठाचा विषय ते सोडत नव्हते हे खरं. आणि त्या सभागृहात त्यांना अर्थसंकल्पावर मत देण्याचा अधिकारसुद्धा नव्हता. फक्त बोलता येत होतं. ते बोलले, आणि काय बोलले ते सव्वाशे वर्षांनी आपण वाचू शकतो.

आज आपल्या अर्थमंत्र्याला जीएसटी परिषदेत मत आहे. तो तिथं काय म्हणाला, हे आपल्याला आठवडाभराने तरी वाचायला मिळतं का?

मिठाची तुलना मी उगाच करत नाही. 1930ला शिरोड्याला, वडाळ्याला लोकांनी लाठ्या खाल्ल्या, कारण मिठावरचा कर डोळ्यांना दिसत होता, त्याचा भाव माणसाच्या तोंडावर होता, तो कुणी लावला हेही ठाऊक होतं. 1947ला तो गेला. आजचा कर पाकिटाच्या किमतीत विरघळलेला आहे. राग यावा तर उचलायला मूठभर मीठच समोर नाही.

म्हणून मला दरकपातीपेक्षाही आधी वेगळं काही हवं आहे. पाकिटावर किमतीखाली कराची रक्कम रुपया-पैशांत छापा, किमतीच्याच टायपात. 'यात सरकारचे इतके पैसे.' पुड्यामागे जागा भरपूर असते, तिथं सध्या स्पर्धांची जाहिरात असते. परिषदेच्या बैठकीला जाण्याआधी राज्याच्या अर्थमंत्र्याने विधानसभेत सांगावं की कुठल्या वस्तूबद्दल आपण काय म्हणणार आहोत, आणि परत आल्यावर सांगावं की काय म्हणालो. यात गुपित काय आहे? दुष्काळासाठी म्हणून लावलेल्या अधिभाराला त्याच आदेशात शेवटची तारीख असावी, आणि ती ओलांडायची तर पुन्हा सभागृहात यावं लागावं. व्यवसाय कराची गोष्ट तर आणखी सोपी. वरची 2,500ची मर्यादा 1988 पासून तशीच आहे, ती बदलायला संसदेत घटनादुरुस्ती लागेल आणि तो रेटा दिल्लीत लावावा लागेल. खालची मर्यादा मात्र पूर्णपणे मुंबईच्या हातात आहे. महिलांसाठी 25,000 चालतात तर पुरुषांसाठी का चालू नयेत, याचं उत्तर तिजोरीशिवाय दुसरं नाही. आणि तिजोरीचा विचार करायचाच असेल तर तो वरच्या टोकापासून सुरू करायला काय हरकत आहे?

पुढच्या आठवड्यात काका पुन्हा भेटले. मी त्यांना व्यवसाय कराची सगळी कुळकथा सांगितली. बहात्तरचा दुष्काळ, पागे, 1975चा कायदा. हे पैसे रोजगार हमीसाठी म्हणून घेतले जाऊ लागले, असंही सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मला वाटलं, वडिलांची आठवण निघेल.

ते म्हणाले, "रोजगार हमीत आमची हीर मंजूर झाली होती साहेब. अर्धी खणली. पुढचं बिल निघंना. दीड वर्ष झालं, तालुक्याला गेलं की म्हणतेत, वरून पैसाच आला न्हाई."

फाटक उघडत त्यांनी विचारलं, "मग मी देतो ते कुटं थांबलंय?"